विषय: अलिबागची बोट – टोकन द्यायचं की नाही? शनिवारच्या आत सांगा

तात्या, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी,
रविवारी पहाटे मी आणि भाचा अलिबागला निघतोय. बोट तीच, उजनी धरणाच्या काठच्या कुगावला पेशंट न्यायला मंडळातर्फे द्यायची; फोटो मागच्या आठवड्यात सगळ्यांना गेलेत, परत जोडत नाही. १८ फुटी फायबर, मागे ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), ट्रेलरसकट साडेसहा लाख. इंजिन २१० तास चाललंय असं मालक सांगतो.

अडलंय एका ठिकाणी. बोट पाण्यात घालून दाखवायची तर आधी ५० हजार टोकन द्या म्हणतो, आणि व्यवहार मोडला तर टोकन बुडालं. जमिनीवर इंजिन बादलीत सोडून चालू करून दाखवायला मात्र तो एका पायावर तयार आहे. कुगावकरांचे रोज फोन येतायत, पावसाळ्याआधी बोट हवीय. हो म्हणू का? शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा, इथली संध्याकाळ.

---

मामा, दुबई

तात्या, देऊन टाका. साडेसहा लाखाच्या व्यवहारात ५० हजारांसाठी घासाघीस करत बसलो तर दुसरा कोणीतरी उचलून नेईल. मी इथे जुन्या गाड्या घेतल्यात, टोकनशिवाय कोणी किल्लीला हात लावू देत नाही. बादलीत इंजिन एका सेल्फला चालू झालं, धूर नाही, आवाज एकसारखा, एवढं पुरेसं आहे. मागचा विषय असाच चर्चेत चार महिने लोंबकळला आणि शेवटी रुग्णवाहिका राहूनच गेली, आठवतंय ना सगळ्यांना?

---

वहिनी, खजिनदार, न्यू जर्सी

परत न मिळणारं टोकन मंडळाच्या खात्यातून जाणार नाही. हे मी रुग्णवाहिकेच्या वेळीही सांगितलं होतं आणि तेव्हाही मामांना ते आवडलं नव्हतं. संक्रांतीला जमलेले पैसे लोकांनी बोटीसाठी दिलेत, बोट बघण्यासाठी नाही. कोणाला स्वतःच्या खिशातून द्यायचे असतील तर माझी ना नाही, पण मग ती रक्कम नंतर मंडळाकडे मागू नये.

तात्या, मालकाचं नाव कागदावर आहे का? की मध्ये दलाल आहे?

---

अण्णा, ह्यूस्टन

मामा, गाडीचा हिशोब बोटीला लावू नका. गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. गॅल्व्हेस्टनच्या खाडीत माझी स्वतःची बोट आहे, आणि जुन्या बोटी घेऊन पस्तावलेली माणसं मी जवळून बघितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बादलीत इंजिनावर भार नसतो. थकलेलं इंजिनही बादलीत गोड चालतं. फोर स्ट्रोक आउटबोर्डला फुल थ्रॉटलला किती आरपीएम मिळायला हवा याचा पट्टा कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, या आकाराला साधारण ५००० ते ६००० च्या आसपास. पाण्यात, माणसं बसवून, फुल थ्रॉटल दिल्यावर काटा ४३००-४४०० ला अडकला तर तिघांपैकी एक कारण: प्रॉपेलर चुकीचा, इंजिनात दम नाही, नाहीतर बोट पाणी पिऊन जड झालीय. जमिनीवर यातलं काहीच कळत नाही. म्हणून पाण्यातली चाचणी सोडायची नाही.

पण त्यासाठी टोकन बुडवायचीही गरज नाही. रीत अशी आहे: बोट उतरवण्या-चढवण्याचा खर्च आणि पेट्रोल आपण द्यायचं, टोकन द्यायचंच तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं की चाचणीत दोष निघाला तर पूर्ण परत. ज्याची बोट चांगली आहे तो याला नाही म्हणत नाही.

आता जमिनीवर काय बघायचं. तात्या, मागची फळी, ट्रान्सम, जिच्यावर इंजिन टांगलंय, तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुन्या फायबर बोटीत बहुतेक वेळा आत प्लायवुड असतं आणि वर फायबरचा थर. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपलं की प्लायवुड आतून कुजतं आणि बाहेरून रंग नवाकोरा दिसतो. इंजिन टिल्टवर अर्धं उचला, खालच्या पायावर भाच्याला वजन टाकायला सांगा आणि तुम्ही ब्रॅकेट फळीला टेकतो तिथे डोळा लावा. फळी हलली, चीर उघडली, बोल्टच्या कडेने तपकिरी पाणी आलं, तर तिथेच थांबायचं. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने फळी, तळ आणि आतला मजला ठोकत जा. टणक आवाज मध्येच बसका झाला की तिथे थर सुटलेत किंवा आत ओल आहे. मजल्यावर चालताना पाय दबला तरी तेच.

---

माई, मस्कत

माझं माहेर करमाळ्याकडचं, म्हणून राहवत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान लेकरं होती. आपण ही बोट त्याच पाण्यावर, रात्री-अपरात्री पेशंट न्यायला देणार आहोत. टोकनवर दहा मेल झाले, पण किती माणसं बसवायची हे कोणी विचारलं का? बोटीवर तसा पत्रा असतो ना, किती माणसं आणि किती किलो लिहिलेला? तो नसेल तर बोट बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. उन्हाळ्यात वळवाचा वारा सुटला की उजनीच्या पाण्यावर कमरेएवढ्या लाटा उठतात. काठापासून पाण्यापर्यंत बोट किती उंच राहते ते भार टाकून बघा. आणि लाइफ जॅकेट बोटीच्या पैशातूनच घ्या, नंतर घेऊ म्हटलं की राहतात.

---

बंडूदादा, मेलबर्न

अण्णांनी बोटीचं सांगितलं, इंजिनाचं मी सांगतो. माझा धंदाच आउटबोर्ड दुरुस्तीचा आहे.

तात्या, पोहोचल्याबरोबर, चहासुद्धा घ्यायच्या आधी, इंजिनाचं झाकण काढून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, हात लावा. कोमट असेल तर तुम्ही यायच्या आधी त्याने चालवून ठेवलंय. थंड इंजिन एका झटक्यात चालू होतं का, हीच खरी परीक्षा. मग खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब ऑइल बोटावर घ्या. दुधाळ चहासारखं दिसलं तर सील गेलंय, आत पाणी शिरलंय. चकाकणारे धातूचे कण असतील तर गिअर खाल्लेत. प्रॉपेलर काढून शाफ्टवर मासेमारीची तंगुस गुंडाळलीय का बघा, तीच सील कापते.

कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सगळ्या सिलिंडरचा मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांत फरक किती हे महत्त्वाचं, १० टक्क्यांच्या वर फरक नको. तास २१० म्हणतो ना? या इंजिनात फ्युएल इंजेक्शन असेल तर तास कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले असतात, डीलरचा माणूस लॅपटॉप लावून काढून देतो. डॅशवरचं मीटर बदलता येतं. सिरीयल नंबरही दोन ठिकाणी बघा, ब्रॅकेटच्या पट्टीवर आणि ब्लॉकवरच्या गोल प्लगवर. जुळले नाहीत तर कागद कितीही चांगले असोत, हात लावू नका.

आणि ही बोट खाऱ्या पाण्यातली आहे. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेचं, झाकण उघडून बघा, आत मिठाचा पांढरा थर साचला असेल तर पाण्याच्या वाटा बुजत आल्यात. अलिबागच्या छोट्या चाचणीत याचा त्रास कदाचित जाणवणार नाही. पण उजनीत उन्हाळ्यात भर दुपारी इंजिन तापू शकतं.

---

मामा, दुबई

चिठ्ठीवरचं टोकन मला मान्य आहे, हेच आधी कोणी सांगितलं असतं तर मी वाद कशाला घातला असता. पण बंडूदादा, एवढं सगळं उघडून बघू देईल तो? आणि पेट्रोलचं काय? आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बनतं, त्याला नावं ठेवू नयेत.

---

बंडूदादा, मेलबर्न

नावं ठेवत नाही. पण बहुतेक आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात, म्हणून मॅन्युअल बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. बोट महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. ही तातडीची बोट आहे, रोज चालणार नाही, म्हणजे आपल्याला हा धोका जास्त. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलेला नसेल तर बसवून घ्या, जुने रबरी पाइप बदला, आणि टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून ते फिरतं ठेवायला कुगावच्या पोरांना सांगा.

---

अण्णा, ह्यूस्टन

आणखी एक. समुद्रातल्या बोटीला जस्ताचे अ‍ॅनोड असतात, म्हणजे गंज स्वतःवर ओढून घेणारे तुकडे. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करायचे थांबतात, मग गंज इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमवर येतो. उजनीत उतरवायच्या आधी अ‍ॅल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे लावून घ्या. स्वस्तातलं काम आहे.

आणि परत येताना नाही, बघायला गेल्यावरच बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर घाला. बनवणाऱ्याने दिलेलं वजन, इंजिन आणि ट्रेलर यांची बेरीज करून ताडून बघा. दोनशे-अडीचशे किलो जास्त भरली तर तळातला फोम पाणी धरून बसलाय. तो फोमच बोट बुडण्यापासून वाचवतो, म्हणून माईंच्या मेलचं उत्तर वजनकाट्यावर आहे.

---

माई, मस्कत

अण्णा, हे फार बरं सांगितलंत. उजनीचं आणखी एक तिथल्या पोरांना विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी उतरलं होतं. पाणी उतरलं की जुन्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळींचे बुंधे वर येतात, आणि थोडे खाली असले तर दिसतच नाहीत. प्रॉपेलर तिथेच तुटणार. सोबत एक जादा प्रॉपेलर घ्या. पळसदेवचं देऊळ तर तेव्हा पूर्ण उघडं पडलं होतं.

---

वहिनी, खजिनदार, न्यू जर्सी

पळसदेवचे फोटो कोणाकडे असतील तर वेगळ्या मेलने पाठवा, दिवाळी अंकाला हवेत.

आता कागद. अंतर्गत पाण्यातल्या बोटींसाठी २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे, १९१७ चा जुना गेला. नोंदणी, सर्व्हेचं प्रमाणपत्र आणि विमा या तिन्ही गोष्टी बोट कुगावला पोहोचायच्या आधी कोणाच्या नावावर होणार हे तात्यांनी ठरवून सांगावं, मंडळाच्या नावावर नको. आधीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मूळ बघा, झेरॉक्स चालणार नाही. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत. सर्व्हेअर आपण नेमायचा, मालकाने सुचवलेला नको. त्याची फी मी पाठवते, त्याचं बिल मात्र हवं.

---

तात्या, जुळे सोलापूर

मालकाशी बोललो. आधी आढेवेढे घेतले, मग चिठ्ठी लिहून द्यायला तयार झाला: चाचणीत दोष निघाला तर टोकन परत. पेट्रोल आणि क्रेन आपली. सर्व्हेअर पेणचा मिळालाय, रविवारी अकराला येतो. वजनकाटा हायवेलाच आहे, बोट तिथवर न्यायला मालक राजी आहे. इंजिन आमच्या आधी चालू करू नका असंही सांगून ठेवलंय. आम्ही चौघं बसून फुल थ्रॉटल बघू, आरपीएमचा व्हिडिओ टाकतो. थर्मोस्टॅट मीच उघडीन, पाना घेतोय.

---

बंडूदादा, मेलबर्न

तात्या, थर्मोस्टॅट तुम्ही उघडू नका. खाऱ्या पाण्यात तो बोल्ट ब्लॉकमध्येच धरून बसतो, जोर लावला की डोकं तुटतं आणि मग दुरुस्ती आपल्या माथी. मालकाच्या मेकॅनिककडून उघडून घ्या, तुम्ही फक्त टॉर्च धरून बघा.