मदत हवी आहे : शॉकअप गेलेत की लिंक रॉड?

मंडळी, २०१६ ची हॅचबॅक, ७८,००० किमी. आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन आल्यापासून पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येतेय. गंमत म्हणजे स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर आवाज नाही; एकच चाक खड्ड्यात गेलं की हमखास.

गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही शॉकअप (धक्के जिरवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नवे टाका. पण बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन शांत बसते, शॉकअपवर तेलाचा ओघळही नाही. खाली वाकून पाहिलं तर लिंक रॉडचं (गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांमध्ये असलेल्या आडव्या बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) रबर फाटलंय, रॉड हलवला की टकटक वाजतो. मला तरी चोर तोच वाटतो.

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे बदलू का? लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, घरी कसे तपासायचे? रविवारी आईला घेऊन परत घाट उतरायचाय.