अक्कलदाढ ‘आपोआप बसते’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

जास्वंद
परवा इथे एका सदस्यांनी लिहिलं होतं की अक्कलदाढ येताना दुखतेच. लवंग दाबून धरा, मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणा, दाढ आपोआप बसते, डेंटिस्ट उगीच घाबरवतात. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या धाकट्या भावाने नेमकं हेच केलं. सुरुवातीला कान दुखतोय म्हणून तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. कानात काहीच नव्हतं. शेवटच्या दाढेमागची हिरडी सुजली होती आणि दाबली की घाण चवीचं पाणी यायचं. गोळ्यांनी ठणका थांबला, तसा कोर्स अर्धवट सोडला. पुढच्या खेपेला सूज जबड्याखाली उतरली. आईने पेज केली, तर चमचा आडवा धरूनही दातांच्या फटीतून जाईना. थुंकी गिळता येत नव्हती. मान पुढे काढून, मांडीवरच्या टॉवेलात लाळ गाळत बसला होता तो. त्याच रात्री ॲडमिट करून गळ्याखाली चीर देऊन पू काढावा लागला. ही सूज जिभेखाली दोन्ही बाजूंनी पसरली असती तर श्वासच कोंडला असता.

अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते. तिच्याखाली अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही, आणि वरची दाढ नेमकी त्या सुजेवर चावते. लवंगेने जागा बधिर होते, झडपेखालची घाण तिथेच राहते. तेव्हा ‘बसते’ हे लिहायचं कृपा करून थांबवा.

मोकळा_वारा
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण एका केसवरून सगळ्यांना खुर्चीत बसवू नका. माझी अक्कलदाढ दुखतही नव्हती. दात साफ करायला गेलो होतो, एक्स-रे काढला आणि ‘आडवी आहे, पुढे त्रास देईल’ म्हणून काढून टाकली. खालच्या ओठाची आणि हनुवटीची डावी बाजू आजही बधिर आहे. दाढी करताना ब्लेड लागलं तर आरशात रक्त दिसल्यावर कळतं. संमतीपत्रावर सही घेतली, पण खालून नस जाते हे कुणी तोंडाने सांगितलं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच सांगून ठेवलंय की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. आपल्याकडे हे कोण सांगतं?

जास्वंद
न दुखणारी दाढ काढा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. पुन्हा पुन्हा सुजणाऱ्या दाढेबद्दल बोलतेय मी.

कृष्णाकाठ
दोघंही डॉक्टरभोवतीच फिरताय. आमच्याकडं दाढ ठणकली की तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री लावतात. घटकाभरात आराम पडतो. आमच्या आईनं सत्तरी ओलांडली, अजून लावते, दात खणखणीत आहेत. बाहेरच्या संस्थेचं नाव आलं की मान डोलवायची आणि घरचं औषध मोडीत काढायचं, याचा मला मनापासून राग येतो.

माणदेशी_लेक
मिश्रीला औषध म्हणू नका, हात जोडून सांगते. माझ्या आईला ती दाढदुखीपायीच लागली. शेजारणीने चिमूटभर दिली, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. दाढ पडून गेली, मिश्री राहिली. सकाळी डबी सापडली नाही तर डोकं धरून बसायची, चूल पेटवायची नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तो तिने लपवला. पुढे जबड्याचा तुकडा काढावा लागला. भाजली म्हणून तंबाखूतलं निकोटीन जात नाही, कॅन्सर करणारे पदार्थही जात नाहीत.

कृष्णाकाठ
तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण मी माझ्या घरचं खरं सांगतोय, मला खोटं पाडू नका. रानात राबणाऱ्या बाईला दाढ दाखवायला तालुक्याला जायचं तर एक रोज बुडतो. एसटीचं भाडं वेगळं. तो रोज कोण भरून देतं? त्यावर बोला आधी.

माणदेशी_लेक
रोज बुडतो, एवढं तुमचं मान्य. पण म्हणून तिच्या हातात तंबाखू द्यायची? माझ्या आईचे किती रोज बुडाले ते मी मोजत बसले नाही, कारण नंतर ती रानात गेलीच नाही.

मोकळा_वारा
धागा अक्कलदाढेचा आहे. मिश्रीसाठी वेगळा काढा.

माणदेशी_लेक
वेगळा नाहीच तो. दुखऱ्या दाढेवर लोक काय चोळतात, हाच विषय आहे.

चांद्याचा
माह्या भाच्याचं तोंड पूर्ण उघडत नाही. अक्कलदाढच असन म्हणून मिठाच्या गुळण्या चालू आहेत. पण दुखत काहीच नाही. सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा खाते तो, पण आमच्याकडं पोरं खातेतच.

खुर्चीमागची
दादा, गुळण्यांवर थांबू नका. मी डेंटिस्ट आहे, माझ्याकडे असे तरुण नेहमी येतात. अक्कलदाढेमुळे तोंड मिटतं ते दोन-चार दिवसांत, सोबत ठणका, सूज, कधी ताप. खर्ऱ्यातल्या, गुटख्यातल्या सुपारीने मिटतं ते हळूहळू, महिनोन् महिने, न दुखता. तिखट लागलं की आग होते, गाल आतून फिकट पडतो, बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागतात. हा कॅन्सरकडे नेऊ शकणारा आजार आहे. त्याला स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी तोंडात साधारण तेवढी जातात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ठेल्यावर खर्रा आजही उघड घोटला जातो. त्याचा मला रोज संताप येतो.

आता मूळ विषय. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बरोबरच आहेत, आम्हीही सांगतो. झडपेखालचं साफ करून घ्यावं लागतं, ते घरी होत नाही. लवंगेचं तेल थेट ओतलं किंवा ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवली तर भाजतं. अँटिबायोटिक प्रत्येक दुखण्याला लागत नाही. ताप असेल, सूज पसरत असेल तर लागतं, आणि ते डॉक्टरने ठरवायचं. गिळता येत नसेल, जबड्याखाली फुगलं असेल, आवाज बदलला असेल तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला जा.

मोकळा_वारा, नसेबद्दल तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुमची तक्रार रास्त आहे. पण आडवी दाढ कधी कधी पुढच्या दाढेला मागून कीड लावते आणि ती आरशात दिसत नाही. म्हणून काढली नाही तरी अधूनमधून दाखवत राहा म्हणतो आम्ही.

मोकळा_वारा
दाखवेन. पुन्हा पुन्हा सुजणारी काढावी, हेही ठीक. पण नस कुठून जाते ते एक्स-रेवर बोट ठेवून दाखवल्याशिवाय कुणी सही करू नये, यावरून मी हटणार नाही.

खुर्चीमागची
हटूच नका.

कृष्णाकाठ
डोळ्यांचं कुणी बोललं नाही. वरची दाढ काढली की नजर अधू होते, हे आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. आई त्याच भीतीनं जात नाही.

खुर्चीमागची
दाढेची नस आणि नजरेची नस वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही. चाळिशीनंतर चष्मा लागतोच आणि दाढाही त्याच वयात काढाव्या लागतात, म्हणून लोक दोन्ही जोडतात. आईंना सरकारी डेंटल कॉलेजला न्या, खर्च कमी येतो. गालही आतून तपासून घ्या.

कृष्णाकाठ
मिश्रीचं मला अजून पटलेलं नाही. गाल तपासायला नेतो.

चांद्याचा
भाच्याची दोन बोटंबी जात नाहीत. उद्या नागपूरच्या सरकारी डेंटलला घेऊन जातो. सोबत काय काय लागन, ताई?

खुर्चीमागची
ओळखपत्र, आधीचे कागद असतील ते, चालू गोळ्यांची पाकिटं. ओपीडीला गर्दी असते, सकाळी लवकर पोचा. आणि खर्ऱ्याचं त्याच्याकडून खरं सांगवून घ्या, रागावू नका. नाही तर तो डॉक्टरांपासून लपवेल.