भाकरी थापता थापता भान ठेवता येतं का? (बसून ध्यान जमत नाही)

कळणाभाकर (यावल)

नमस्कार मंडळी. सजगता म्हणा, माइंडफुलनेस म्हणा, भानावर राहणं म्हणा, त्याबद्दल रोखठोक विचारायचं आहे.

डोळे मिटून बसलं की पाचव्या मिनिटाला डुलकी. डुलकी नाही लागली तर उधारीचा हिशेब सुरू. वेगळा अर्धा तास निघत नाही. सकाळी सहा जणांच्या भाकरी, मग स्कूटीवर दुकान, रात्री आठपर्यंत काउंटर. म्हणून चालू कामातच हे कसं बसवायचं ते हवं आहे. कोणतं काम निवडायचं, किती मिनिटं, लक्ष नेमकं कुठे ठेवायचं, आणि बरोबर चाललंय हे ओळखायचं कसं?

'वर्तमानात जगा' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. ते रिक्षाच्या मागेही लिहिलेलं असतं.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मन रिकामं करायचं असतं हा समज आधी काढून टाका. त्यातच निम्मे लोक दमतात आणि सोडून देतात. लक्ष एका जागी ठेवलं, ते गेलं, गेल्याचं कळलं, परत आणलं, एवढाच हा व्यायाम. यातलं 'गेल्याचं कळलं' हे खरं. पाच मिनिटांत वीसदा गेलं आणि वीसदा कळलं तर वीस वेळा व्यायाम झाला, वीस वेळा नापास नाही. पाली ग्रंथांत याला 'सती' म्हणतात, म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. आपण आत्ता काय करतोय याची आठवण राहणं. (सतीच्या चालीशी काही संबंध नाही, दरवेळी सांगावं लागतं.)

आणि मन पळतं ते तुमचंच नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी फोनवरून लोकांना दिवसात अवचित विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. २०१० साली 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं.

काम निवडताना एवढं बघा. हाताला सरावाचं असावं, रोज त्याच सुमाराला यावं, पाच-दहा मिनिटांत आटपावं, करताना बोलावं लागू नये आणि लक्ष चुकलं तर इजा होऊ नये. विळीवर भाजी चिरणं सुरुवातीला नको. भाकरी उत्तम, पण सहाच्या सहा नाही. पहिले दहा दिवस फक्त पहिली भाकरी. बाकीच्या पाच नेहमीसारख्या, गप्पा मारत करा.

मळताना लक्ष तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर ठेवा, जिथे पीठ रगडलं जातं. गरम पाणी घातल्यावर पीठ आधी खरखरीत लागतं, कडेला फाटतं. दोन-तीन मिनिटं रगडलं की मऊ येतं, चिरा थांबतात. हा बदल कधी झाला ते हाताने ओळखायचं, डोळ्याने नाही. कळण्याचं, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ असेल तर जास्त सोपं. उडदामुळे ते बोटांना चिकटतं, त्यामुळे हाताला स्पर्श ठळक कळतो. थापताना लक्ष थापेच्या आवाजावर आणि परातीत भाकरी फिरते त्या सरकण्यावर ठेवा. कोरडं पीठ कमी पडलं की आवाज बदलतो आणि भाकरी अडते.

तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की खरी परीक्षा. हाताला काम नसतं, तेवढ्यात मन पळतं आणि हात फोनकडे जातो. तिथे नजर पाण्याच्या चमकेवर ठेवा. चमक कडेकडून जायला लागते, पूर्ण सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भाकरी चिरते. म्हणजे लक्ष होतं की नव्हतं ते भाकरीच सांगते, दुसरा मास्तर लागत नाही.

आता चुकतं कुठे. मनात समालोचन सुरू होतं, 'आता मी मळतेय, आता मी थापतेय'. ते शब्द आहेत, स्पर्श नाही. शब्द आले तर येऊ द्या, पण परत तळहातावर या. दुसरी चूक, मुद्दाम सावकाश करणं. पीठ वाळतं, घरचे ताटावर वाट बघतात, आणि आठवड्यात कंटाळा येतो. वेग नेहमीचाच ठेवा. तिसरी चूक सगळ्यात चिवट आहे. मन गेलेलं कळलं की 'परत गेलं, मला जमतच नाही' असं स्वतःला बोलणं. तेही भरकटणंच, फक्त सोवळं नेसून आलेलं.

बरोबर चाललंय का, याची खूण शांत वाटणं ही धरू नका. शांत कधी वाटतं, कधी नाही. खूण अशी की गेल्याचं लवकर कळतं. आधी चौथ्या भाकरीला कळायचं, आता पहिली उलटायच्या आत कळतं.

जंक्शन (भुसावळ)

वरचं सगळं मान्य. मी फक्त डुलकी आणि श्वासावर लिहितो, कारण बसणं पूर्ण सोडायची गरज नाही.

डुलकीची कारणं साधी असतात. जेवून लगेच बसणं, भिंतीला टेकणं, डोळे घट्ट मिटणं, आणि मुळात झोपेची उधारी. उपायही तसेच. गोधडीची जाड घडी करून तिच्यावर बसा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. भिंतीपासून वीतभर पुढे. डोळे अर्धे उघडे, नजर समोर तीन-चार फुटांवर जमिनीवर टेकलेली. तरी झोप आली तर उभं राहून करा, नियम कुठे मोडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा दुपारी बसून काही साधत नाही. सकाळी सहाच्या आत किंवा रात्री गच्चीवर. आणि इतकं करूनही रोज पाचव्या मिनिटाला मान पडत असेल तर शरीर झोप मागतंय. झोपा. ध्यान झोपेला पर्याय नाही.

श्वास मोजायचा तर सोडताना मोजा. एक ते दहा, मग परत एक. आकडा विसरला तर एकपासून. मजा अशी की लोक अकरा, बारा, चौदा असे पुढे निघून जातात. ते मोजणं यंत्रासारखं चालल्याचं लक्षण, तिथे पकडलं की परत एक. श्वास ओढायचा नाही, खोल करायचा नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. काही जण याला 'अनुभव आला' समजतात. तसं झालं तर थांबा, साधा श्वास घ्या, दोन-तीन मिनिटांत उतरतं.

श्वास पकडता येत नसेल तर कूलरचा आवाज घ्या. त्यात पंख्याची घरघर वेगळी, गवतावरून ठिबकणारं पाणी वेगळं. एक मिनिट एक ऐका, एक मिनिट दुसरं. वीज गेली की कूलर बंद पडतो आणि एकदम जी शांतता होते ती पकडायला तर शिकवावंच लागत नाही.

स्कूटीवर मात्र श्वास-बिस काही नाही. चावी फिरवायच्या आधी तीन श्वास, बस. गाडी सुरू झाली की लक्ष बाहेर, म्हणजे रस्ता, आरसा, ब्रेकवरची बोटं, पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस. रेल्वे फाटक बंद असेल तर इंजिन बंद करा आणि दोन्ही तळपाय जमिनीवर टेकल्याचं जाणा. तेवढं दिवसाला पुष्कळ.

खापर (अमळनेर)

थोडा विरोध नोंदवतो. दिवसभर प्रत्येक घास, प्रत्येक पाऊल तपासत बसलं तर माणूस स्वतःचाच फौजदार होतो. एक काम, एक वेळ, बाकी दिवस मोकळा, एवढंच ठेवा.

दुसरं, तल्लीन होणं आणि सजग असणं यांची गल्लत होते. मांडे करणारी बाई दोन्ही हातांवर मांडा मोठा करत नेते आणि उपड्या खापरावर टाकते, तेव्हा तिचं लक्ष सुटत नाही, पण ती त्यात हरवलेली असते. वेळ कळत नाही, हाक ऐकू येत नाही. सजगतेत हाक ऐकू येते, आणि हाकेने आलेली कपाळावरची आठीही कळते. दोन्ही चांगलं, पण एक नाही. मालिका बघतानाही माणूस तल्लीनच असतो की.

आणि बहिणाबाईंची मनावरची ओळ अजून कुणी टाकली नाही, याचं नवल वाटलं. टाकू नका, सगळ्यांना पाठ आहे.

कळणाभाकर (यावल)

आभार. पाण्याच्या चमकेची खूण एकदम पटली. आणखी तीन शंका. काउंटरवर घासाघीस करणारं गिऱ्हाईक समोर असताना काय करायचं? तिथे दहा सेकंदही मिळत नाहीत. दुसरं, डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की काही जणांना उलट छातीत धडधड वाढते, ते का? आणि इगतपुरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर थेट करावं का?

गिरणेचं पाणी (चाळीसगाव)

क्रमाने सांगतो ताई.

गिऱ्हाईक. राग शब्दांत यायच्या आधी अंगात येतो. जबडा आवळतो, खांदे कानाकडे चढतात, पोट घट्ट होतं. प्रत्येकाची एक पहिली जागा असते, ती आधी हुडकून ठेवा. काउंटरवर मग सगळं अंग तपासायला वेळ लागत नाही, ती एकच जागा बघायची. जबडा असेल तर दात सुटे करा, जीभ सैल सोडा. मग एक श्वास असा की घेताना चार मोजले तर सोडताना सहा. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचा वेग किंचित उतरतो, म्हणून सोडणं लांबवायचं. हे सुटे पैसे मोजता मोजता होतं, समोरच्याला कळतही नाही. याचा अर्थ भाव कमी करायचा असा नाही. उत्तर तेच द्या, फक्त जबडा सुटल्यावर द्या. चेहरा दगडासारखा करून आत उकळत राहणं याला सजगता म्हणत नाहीत. तो दाबलेला राग, संध्याकाळी घरच्यांवर निघतो.

गिऱ्हाईक गेल्यावर मन तीच भांडणं परत लावतं, यावेळी आपली उत्तरं सुधारून. तिथे एका शब्दाचं नाव द्या, 'भांडण'. उधारी आठवली तर 'हिशेब', उद्याचा माल आठवला तर 'उद्या'. नाव एकच शब्दाचं, आणि घरमा जी बोली तिच्यातच. पुस्तकी शब्द आठवण्यात आणखी एक विचार खर्च होतो.

धडधड. आत बघायला सांगितलं की काहींची भीती वाढते, कारण त्यांचं लक्ष आधीच छातीवर पहारा देत असतं आणि श्वासाकडे बघणं म्हणजे त्याच पहाऱ्यात भर. अशांनी श्वास सोडून द्यावा. डोळे उघडे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तू एकेक करून बघायच्या, मग काउंटरच्या काचेचा गारवा हाताला, मग रस्त्यावरचे आवाज, जवळचे आणि लांबचे. दोन मिनिटं पुरे. धडधड वरचेवर होत असेल तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्यावं, सगळं मनावर ढकलू नये. अपघात, घरातला मृत्यू असं काही घडलेलं असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर एकट्याने हे प्रयोग नकोत. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ वर आहे, फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

शिबिर. गोएंका गुरुजींनी विपश्यना भारतात १९६९ साली शिकवायला सुरुवात केली, इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासून आहे. फी नाही, दानावर चालतं. पहाटे चारला घंटा, दिवसाला साधारण दहा तास बसणं, फोन जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना क्रमाने बघत जाणं. मध्येच उठून यायचं नाही असं आधीच कबूल करून घेतात. पाच मिनिटांत डुलकी येणाऱ्याने थेट तिथे जाऊ नये असा नियम नाही, पण गुडघे आणि कंबर ओरडतात. आधी महिना-दोन महिने रोज वीस मिनिटं बसायची सवय असली तर बरं. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. औषध शिबिरासाठी बंद करणं तर अजिबात नाही.

पांझराकाठ (धुळे)

दुकानासाठी एक भर. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा असतो आणि त्यात सुरुवातीला एक मनुका खायला देतात, एकच, पण पाच-दहा मिनिटं लावून. आपल्याकडे त्याजागी फुटाणा घ्या. केळ्याचा काप नको, तोंडात गेला की विरघळतो, धरायला काही राहत नाही.

एक फुटाणा तळहातावर. साल कुठे तडकली आहे ते बघा. अंगठा आणि बोटात दाबा, साल सुटते त्याचा बारीक आवाज येतो, कानाजवळ धरला तर चांगला कळतो. वास घ्या. ओठांशी नेल्यावर लाळ सुटते, ती चावायच्या आधीच. जिभेवर अर्धा मिनिट ठेवा, चावू नका. पहिला दात लागतो तेव्हा कडक, मग पिठूळ, मग किंचित गोड. गिळायची घाई कधी होते ते बघा, बहुतेकांची तिसऱ्या-चौथ्या चावण्याला होते, आणि हात तोवर दुसरा फुटाणा उचलून बसलेला असतो. तो हात पकडायचा.

दोन मिनिटांचं काम आहे. दुपारी तीनच्या सुमाराला, बाजार ओसरलेला असतो तेव्हा करा. गर्दीच्या वेळी नको, गिऱ्हाईक आलं की अर्ध्यावर गिळला जातो.

कळणाभाकर (यावल)

तीनची वेळ बरोबर पकडली दादा, तेव्हा माश्याच मारत असतो. उद्यापासून पहिली भाकरी आणि तीनचा फुटाणा. बाकी काही नाही.