शाळेचं मैदान संध्याकाळी कुणाचं? (सोलापूर)

सातरस्तेकर

परवा आमच्या गल्लीतल्या पोरांचा चेंडू शाळेच्या भिंतीवरून आत गेला. शाळेचं नाव घेत नाही. आत दीडेक एकर मैदान, त्यावर चिटपाखरू नाही, गेटला कुलूप. बाहेर वीस फुटी रस्त्यावर बारा पोरं खेळतायत, मधूनच रिक्षा घुसते, टँकर येतो, आणि स्टंप म्हणून कुणाच्या तरी स्कूटीचं मागचं चाक. वॉचमन म्हणाला, "चेंडू उद्या शाळा भरल्यावर मिळंल."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथं टाकतो. मी सत्तावीस वर्षं पीटीचा मास्तर होतो, तेव्हा थोडा एकतर्फी असेन, ते गृहीत धरा.

शहरात नवी बाग, नवं कारंजं करण्याआधी सरकारनं अनुदानित शाळांची मैदानं रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडून द्यावीत आणि प्रत्येक मैदानावर खेळ घेणारा एक पगारी माणूस नेमावा. जागा आहे, कुंपण आहे, संडास आहे, बऱ्याच ठिकाणी बोअरही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान, ग्रंथालय आणि खेळाचं साहित्य ही शाळेची गरजच मानली आहे. मग शाळा सुटली की ते मैदान कुलपात का?

आणि माणूस का हवा? कारण मोकळा वेळ घालवायचा कसा हेही शिकवावं लागतं. अमेरिकेत १९१८ साली माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टं ठरवली, त्यात आरोग्य, नागरिकत्व यांच्या पंगतीत फावल्या वेळाचा चांगला वापर हे एक उद्दिष्ट होतं. आपल्याकडे पीटीचा तास म्हणजे गणिताचा पोर्शन राहिला की ढापायचा तास. दहावीला तर तो फक्त वेळापत्रकाच्या कागदावर. मीही ढापू दिलाय, खोटं कशाला बोलू.

पूर्वभाग

मास्तर, राग मानू नका, पण प्रत्येक गोष्टीला सरकार कशाला लागतंय ओ? आमच्याकडं गणपतीच्या आधी महिनाभर रोज रात्री लेझीम असतंय. लूमवरनं सुटलेली पोरं, हमाली करणारी, कॉलेजची, सगळी एका रांगेत. हलगी वाजायला लागली की म्हातारी माणसं पण कट्ट्यावर येऊन बसतात. डाव शिकवणाऱ्याला कुणी पगार देत नाही, एक पोरगं चुकलं तर अख्खी रांग थांबवतो तो. सोलापूरची विसर्जन मिरवणूक बघायला लांबनं माणसं येतात, ते काय शासन निर्णय काढून झालंय का?

सरकारी माणूस नेमला की काय होतंय सांगू? पहिला महिना शिट्टी, दुसरा महिना मस्टर, तिसऱ्या महिन्यात सही करून घरी. मैदान मोकळं ठेवा, बाकी आम्ही बघून घेतो.

सातरस्तेकर

लेझीमचं काढलंत ते बरं झालं. मंडळात डाव शिकवणारा लेझीम कुठं शिकला ते विचारा एकदा. मी विचारलंय दोघा-तिघांना. शाळेत, पीटीच्या तासाला. माझ्याच हाताखाली दोन पिढ्या शिकल्या. शाळेनं पेरलं आणि पेठेनं कापलं, अशी गोष्ट आहे. आता शाळेनं पेरणंच बंद केलंय, म्हणून तर बेंजोवर आणि डॉल्बीवर आलोय आपण.

पूर्वभाग

ते होय. डॉल्बीचं मान्य.

विडी_घरकुल

तुम्ही दोघंही पोरांचंच बोलायलाव. पोरगे म्हणायचं असेल तर सरळ पोरगे म्हणा.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, सूत बांधायचं, मग कारखान्यात नेऊन छाट, म्हणजे नापास विड्या, काढून घ्यायची. घरी बसून काम असतं म्हणून लोकांना वाटतं सोयीचं आहे. सोयीचं कुणाला? ज्याला शिफ्ट आहे त्याला शिफ्ट सुटणं आहे. घरी ज्या सुपात विड्या वळतात त्या सुपाला भोंगा नसतो. त्यात नळाला पाणी कुठल्या दिवशी आणि किती वाजता येणार यावर घरातल्या बाईची झोप ठरते, फुरसत तर लांबच.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार भांडले म्हणून, हे ते आम्हाला जेवताना सांगायचे. कुणी त्यांना मैदान दिलं नव्हतं, आधी वेळ मिळवावा लागला. सरकारला खरंच करमणुकीत लक्ष घालायचं असेल तर हजार विड्यांचा दर वाढवा. आई आठशे वळून उठेल आणि उरलेल्या वेळात तिला काय करायचं ते तिचं ती बघेल. तिला लेझीम शिकवायला मास्तर नको.

कोर्टाच्या_मागे

ताई जे म्हणतायत ते राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ४३. राज्यानं कामगाराला निर्वाह वेतन, नीट जगता येईल अशी कामाची स्थिती आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळावा म्हणून प्रयत्न करायचा आहे. फुरसत हा शब्द वेतनाच्या शेजारी बसवलाय. अर्थात हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते मिळालं नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही.

मैदानांचं सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीनं (१९९२) जी बारावी अनुसूची आली तिच्यात बागा, उद्यानं, क्रीडांगणं हा नगरपालिकांचा विषय म्हणून लिहिलाय. पण आपल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात दोन याद्या आहेत. कलम ६३ ची कामं करावीच लागतात: गटारं, दिवाबत्ती, साफसफाई वगैरे. कलम ६६ ची कामं ऐच्छिक, आणि बागा नि क्रीडांगणं त्यात बसतात. पैसा कमी पडला की पहिली कात्री कुठं लागणार ते सांगायला वकील नको.

शिवाय विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून रंगवलेली जागा कायमची राहते असंही नाही. नगररचना कायदा, १९६६, कलम १२७. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडालं. त्या हिशेबानं मास्तरांची शाळेच्या मैदानाची कल्पना स्वस्त आहे, भूसंपादन लागत नाही.

हेडक्लार्क_होतो

स्वस्त कुणाला? मी एका संस्थेत बावीस वर्षं कारकुनी केली, मैदानाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असायची. सांगतो काय होतं ते.

एका मे महिन्यात संस्थेनं मोठ्या मनानं गेट उघडं ठेवलं. पहिला आठवडा पोरं आली. दुसऱ्या आठवड्यात पोरांना हाकलून मोठे आले. मग बुलेटवाले. मग सकाळी बाटल्या वेचायचं काम शिपायाला लागलं. एका पोराचा हात मोडला, बाप दवाखान्याचं बिल घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मैदान एकदा उघडं आहे म्हटल्यावर नगरसेवकापासून सगळ्यांचा फोन: "अहो, आमच्या पुतण्याचं रिसेप्शन आहे, एक रात्र द्या की." मांडवाच्या खड्ड्यांनी खो-खोचं मैदान दोन वर्षं उठलं नाही.

कुलूप हौसेनं लावलेलं नसतं. सरकारनं विमा काढावा, संध्याकाळचा वॉचमन द्यावा, वीजबिल भरावं आणि मोडतोडीची जबाबदारी लेखी घ्यावी. मग किल्ली मीच आणून दिली असती.

सातरस्तेकर

हेच तर म्हणतोय मी! उघडं गेट आणि चालवलेलं मैदान यात फरक आहे. तुमच्याकडं माणूस नव्हता. शिट्टी गळ्यात असलेला एक माणूस उभा असला की बुलेटवाला आत येत नाही. अनुभवाचं बोलतो.

बाकी विम्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे.

पुण्यातला_सोलापूरकर

मजा वाटते वाचून. इथं पुण्यात टर्फ तासावर भाड्यानं घेतो आम्ही, आठ जण पैसे काढतो, लाइट असतात, पार्किंग असतं. ज्याला खेळायचंय तो पैसे टाकेल. दरवर्षी जानेवारीत होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) भरतो, पाळण्याला तिकीट काढूनच बसतात ना लोक? कुणी म्हणतं का पाळणा फुकट पाहिजे म्हणून?

विडी_घरकुल

गड्ड्यात पाळण्याला तिकीट आहे, गड्ड्यात फिरायला नाही. आम्ही पाच भावंडं, पाळण्यात एक जण बसायचा आणि चौघं खाली उभं राहून त्याच्या किंकाळ्या ऐकायचो. तेवढ्यातही वर्षभराचं भागायचं. तुमच्या टर्फच्या जाळीबाहेर उभं राहू देतात का कुणाला?

पूर्वभाग

😂 पुणेकर गेला बे.

पण ताई, एक विचारतो. विडीचा दर वाढला तर कारखानदार काम दुसरीकडं नेणार नाही कशावरून? लूमचं आम्ही बघितलंय. मजुरी वाढायची गोष्ट निघाली की शेड बंद करायची भाषा सुरू होते.

विडी_घरकुल

नेईलही. म्हणून काय मागायचंच नाही?

आणि मास्तर, तुमच्या ५ ते ८ बद्दल. पाच वाजता आमच्या भागातल्या बाया आणि पोरी सुपावरच असतात. दुपारी २ ते ४ जरा हात मोकळा असतो, तेव्हा मे महिन्यात बाहेर बेचाळीस डिग्री. तेव्हा मैदान नको, पंखा असलेली एक खोली हवी. शाळेची एखादी वर्गखोली सुट्टीत उघडली तरी चालेल. खेळायलाच पाहिजे असं नाही. कुणी पेपर वाचेल, कुणी नुसतं आडवं होईल. आडवं होण्यालाही करमणूक म्हणणार असाल तर मी तुमच्या बाजूनं.

हेडक्लार्क_होतो

खोलीची किल्ली तर मैदानापेक्षा अवघड. बेंच, कपाटं, कॉम्प्युटर असतो आत.

सातरस्तेकर

२ ते ४ चा विचार मी कधी केला नव्हता, ताई. आमच्या घरी त्या वेळेला मी स्वतः आडवा असतो आणि बायको भांडी घासत असते.

हेडक्लार्क साहेब, विमा, वॉचमन, वीजबिल, जबाबदारी, या चार गोष्टींचा कागद करून द्याल का? वकील साहेबांनी एकदा नजर घालावी. मे महिन्याच्या सुट्टीत एकाच शाळेत, एकच मैदान आणि दुपारी एकच खोली, एवढंच मागू. शिट्टी घेऊन मी उभा राहतो, पगार नको.

पूर्वभाग

पगार नको म्हणलात म्हणजे माझंच खरं झालं की ओ मास्तर.

सातरस्तेकर

एक महिन्यापुरतं. जूनपासून पगार पाहिजे.