मदत हवी आहे: १५ वर्षांचा मुलगा अंगातला शर्ट काढायला तयार नाही (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात राहते. घरातच चार मशिनी टाकून शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. एप्रिल ते जून आमचा सीझन. दिवसभर लोकांच्या पोरांची छाती, कंबर, खांदा टेपनं मोजत असते आणि स्वतःच्या पोराचं माप मात्र वर्षभरात मला घेता आलेलं नाही.

मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल. मागच्या आठवड्यात त्याचे दोन शर्ट कापायचे म्हणून टेप घेऊन उभी राहिले, तर दोन्ही हात छातीवर घट्ट धरून मागं सरकला. "मम्मी, माप नको. चाळीस नंबरचा दे." त्याला ३६ बसतो. खांदे लोंबतील रे, म्हटलं, तर गठ्ठ्यातून स्वतःच ४० नंबरचा शर्ट ओढला आणि खोलीचं दार लावून घेतलं. रात्री त्याचे धुवायचे कपडे उचलले तर शर्टाच्या आत दोन बनियन. त्यातलं एक दोन्ही बाजूंनी टीप मारून आवळलेलं, माझ्याच मशीनवर. टिपा वेड्यावाकड्या, दोरा पांढऱ्यावर निळा. कधी बसला मशीनवर, मला पत्ताच नाही. बाहेर ४३ डिग्री ऊन आहे हो, आणि पोरगं आतून असं आवळून फिरतंय.

त्याच्या छातीला थोडा उभार आलाय, बायकांसारखा. मला दिसत होतं, पण बोलायचं कसं म्हणून मी गप्प राहिले. वर्गातली पोरं त्याला "आंटी" म्हणतात, हे त्याच्या चुलतभावाकडून कळलं. पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहायचा, ते आता उमगतंय. दर उन्हाळ्यात माझ्या माहेरी, अक्कलकोटकडं, मामाच्या विहिरीत दिवस दिवस पोहायचा. यंदा जायचंच नाही म्हणाला. एका लग्नात तर नात्यातल्या एका माणसानं सगळ्यांसमोर त्याच्या छातीला चिमटा काढला. सगळे हसले. मीसुद्धा लाजेनं हसले, त्याचं आजही वाईट वाटतं.

आता महिनाभर भाकरी अर्धीच खातो. रात्रीचं ताट तर तसंच सरकवतो. आमचे ह्यांचं म्हणणं, "जिमला पाठव, मर्दासारखा होईल." जिममधल्या एका मुलानं त्याला कसलीतरी पावडर दिलीय, डब्यावर धड लेबलही नाही.

मला एवढंच विचारायचंय की आधी कुणाकडं न्यायचं, शरीराच्या डॉक्टरकडं की मनाच्या? आणि त्याला लाज न वाटता हा विषय काढायचा कसा? खासगीत फार खर्च झेपणार नाही. कृपा करून "वय आहे, होईल सगळं ठीक" असं कुणी लिहू नका, ते आमच्या घरात रोज ऐकते.

—

प्रतिसाद:

ताई, पावडर आजच बंद करा. डबा मात्र फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला ठेवा. अशा पावडरींत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि त्या स्टिरॉइडनंच पुरुषांची छाती वाढू शकते. ज्यासाठी तो घेतोय, नेमकं तेच बिघडायचं.

मुलांच्या छातीला असा उभार येतो, त्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना हार्मोन वरखाली होतात आणि साधारण निम्म्या मुलांना कमीजास्त प्रमाणात हे होतं. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं. नुसत्या चरबीनंही छाती तशी दिसते, पण हातानं तपासलं की डॉक्टरांना फरक कळतो. एकाच बाजूला कडक गाठ असेल, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर अजिबात थांबू नका.

आधी शरीराच्याच डॉक्टरकडं न्या. त्याच्या लेखी प्रश्न छातीचा आहे. पहिल्यांदाच मनाच्या डॉक्टरकडं नेलंत तर "मलाच वेडं ठरवतायत" असं वाटून तो तोंड उघडणार नाही. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, त्यामुळं तपासणी झाल्यावर मानसोपचारही तिथंच विचारता येईल. केसपेपर काढतानाच 'मैत्री' क्लिनिकची चौकशी करा. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी अशी क्लिनिकं असतात. समुपदेशक असतो आणि पोराला आईबापाशिवाय बोलता येतं.

टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेली सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर त्याच्या वहीच्या पाठीमागं लिहून ठेवा, लाव म्हणून मागं लागू नका. आणि जेवणाकडं लक्ष असू द्या. चक्कर येणं, जेवून मुद्दाम उलटी काढणं, "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही कानावर येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

—

प्रतिसाद:

मी तुमच्या मुलाच्या जागी होतो. बारावीपर्यंत सॅक पाठीवर न लावता छातीवर लावून फिरलो, लोकांना वाटायचं चोरांच्या भीतीनं. माझी छाती पुढं बसली, पण पोक काढून चालायची सवय अजून गेली नाही.

माझं ऐकाल तर दवाखान्यात आईनं नको, वडिलांनी न्यावं. तिथं त्याला शर्ट काढावा लागणार आहे. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की दारं-पडदे लावून, विद्यार्थ्यांचा घोळका न बोलावता तपासा. वडिलांनी "मर्द" हा शब्द महिनाभर तरी काढू नये. माझ्या वडिलांनी फक्त एकदा विचारलं होतं, "दुखतं का रे?" त्या दिवशी मी तासभर बोललो होतो.

चिमटा काढणाऱ्या त्या नातेवाइकाला तुम्ही फोन करा आणि पोराला ऐकू येईल असा करा. शाळेत वर्गशिक्षकांशी बोलायचं असेल तर आधी त्याला विचारा. न विचारता बोललात आणि बाईंनी भर वर्गात पोरांना झापलं, तर चिडवणं दुप्पट होईल.

—

मूळ लेखिका:

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी जाऊन पावडरीचा डबा त्यांनीच मागून आणला आणि कपाटात ठेवला.

रात्री मशीनवर बसल्या बसल्या, त्याच्याकडं न बघता, मी सांगितलं की हे निम्म्या पोरांना होतं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "निम्म्या? आमच्या वर्गात साठ जण आहेत." आणि बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

शर्ट ४० नंबरचाच ठेवला. माप न घेता नुसते खांदे आत घेऊन देऊ का, विचारलं, तर "चालेल" म्हणाला.

सोमवारी हे घेऊन जाणार आहेत. सिव्हिलला केसपेपरची खिडकी सकाळी किती वाजता उघडते, कुणी सांगेल का? गर्दी व्हायच्या आत त्याला आत न्यायचंय.