कुटुंबांसाठी बेघर निवारा वाढवायचाय, अनुदानाच्या प्रस्तावात काय मागावं?

काळजीवाहक
आमच्या महापालिकेचा निवारा एक संस्था चालवते, मी तिथे व्यवस्थापक आहे. पुरुषांचं दालन वेगळं, बायकांचं वेगळं. परवा परभणीकडचं नाक्यावर काम करणारं जोडपं आलं, सोबत दोन मुली आणि चौदा वर्षांचा मुलगा. मुलगा बापासोबत पुरुषांकडे झोपेल म्हटल्यावर आईनं बोचकी उचलली आणि पाचही जण परत पुलाखाली गेले. हे सारखं होतं. शेजारी पटसंख्येअभावी बंद पडलेली मनपा शाळा आहे, सहा वर्गखोल्यांची. ती कुटुंबांसाठी घेऊन शासनाकडे अनुदान मागायचं ठरतंय. अभियंता म्हणतात, खोलीत प्लायवूडचे चार कप्पे करू, १२० माणसं बसतील. कोणी असा प्रस्ताव केलाय का?

आकडेमोड
कुठल्या योजनेत मागणार ते आधी बघा. बेघर निवाऱ्यांना केंद्राचे पैसे ज्यातून यायचे ते राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं. नवं अभियान आणतोय असं केंद्रानं २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं.

निवृत्त_संघटक
ताई, मी या अभियानात समूह संघटक होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते कप्पे रद्द करा. अभियानाच्या निकषात माणशी ५० चौरस फूट होते. वर्गखोली २० बाय २५ ची असेल तर ५०० चौरस फूट, म्हणजे दहा माणसं, म्हणजे दोन कुटुंबं. सहा खोल्यांत ६० जण. त्यातली एक खोली स्वयंपाकाला ठेवा, कोणी कितीही नाक मुरडलं तरी. बेघर कुटुंब रांधून खातं. तुमच्या निवाऱ्यात बहुतेक चूल-स्टोला बंदी असेल, मग ती माणसं का यावीत? आता उरले ५०. निवारा ५० ते १०० जणांचा असावा असं निकष सांगत होता, तेव्हा तुम्ही काठावर बसता. १२० चा आकडा कागदावर छान दिसतो, पण रात्री खोलीत वीस माणसं आणि एक बल्ब असला की आठवड्यात निम्मी पुलाखाली.

दुसरं, इमारतीला पैसे मिळतात, चालवायला कायमचे मिळत नाहीत. अभियानात चालवण्याचा खर्च पाच वर्षंच होता. पुढे काय, हे आमच्याकडे कोणी लिहिलंच नव्हतं. संस्थेचे पगार थकले, रात्रपाळीचा माणूस गेला आणि कुलूप लागलं. म्हणून महासभेच्या ठरावातच लिहून घ्या की सहाव्या वर्षापासून वीज, पाणी, तीन पाळ्यांचे काळजीवाहक मनपा स्वतःच्या अंदाजपत्रकातून देईल. महिला व बालकल्याणाची पाच टक्के तरतूद दर मार्चला कशीबशी खर्ची पडते, तिथून मागा. दुरुस्तीला जिल्हा नियोजन समितीचं दार ठोठवा.

आणि गरज दाखवताना २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जोडा: लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे तिथेच सव्वाशे निवारे हवेत. तुमच्या शहराची लोकसंख्या घाला आणि चालू निवारे शेजारी लिहा. त्या आकड्यापुढे वित्त विभाग फारसं बोलत नाही.

झेडपीच्या_बाई
मुलांचं विसरू नका. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ आहे. निवाऱ्याचा पत्ता दिलेलं पत्र सोबत द्या, मुख्याध्यापकांचं तोंड बंद होतं. आणि मोठ्या मुलींसाठी संडासाला आतून कडी, बाहेर दिवा. प्रस्तावात वेगळी ओळ असू द्या, नाहीतर 'किरकोळ दुरुस्ती'त विरून जाते.

काळजीवाहक
खूप आभार. खोल्या मीच मोजल्या, १८ बाय २४ भरल्या. म्हणजे ४३२ चौरस फूट, आठ माणसं. पाच खोल्यांत ४०. आता ५० कसे दाखवू?

निवृत्त_संघटक
व्हरांडा मोजू नका, पावसात तिथे कोणी झोपत नाही. ४० च लिहा, आणि जुन्या निवाऱ्यासह एकच संकुल दाखवा. बाकी पाणीपट्टी कोणत्या दराने लागणार तेही ठरावात घ्या. आमच्याकडे व्यावसायिक लावली होती.