करोना साथीच्या काळातील सधन घरांचे दान : देणारे, घेणारे आणि मधले हात

२०२० आणि २०२१ मध्ये बड्या उद्योगसमूहांनी जाहीर केलेले आकडे सर्वश्रुत आहेत. सुखवस्तू कुटुंबांनी खासगीत जे दिले, ते कोठवर पोचले, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी येथे लिहावे.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय
एप्रिल २०२१ मध्ये आमच्याकडे शहरातील सधन घरांतून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी विजेवरची यंत्रे, आली. मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या यंत्रावर अत्यवस्थ रुग्णाचे भागत नसे. परंतु मोठ्या रुग्णालयात खाट मिळेपर्यंत त्याने कित्येकांना तारले, हे नाकारता येणार नाही. अडचण निराळीच होती. वीज गेली की यंत्र बंद पडे, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरायला आणि फिल्टर धुवायला माणूस नसे, दात्याचे नाव मात्र ठळक अक्षरांत चिकटवलेले असे. एका कुटुंबाने काही पाठवण्याआधी फोन करून नड विचारली, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी स्टॅबिलायझर, नाकातल्या नळ्या आणि दोन वॉर्डबॉयचा तीन महिन्यांचा पगार एवढेच सांगितले. पगारासाठी पैसे द्यायला सहसा कोणी राजी नसते. त्या घराने ते दिले, आणि रात्रपाळीला हाकेला ओ देणारे कोणी तरी असू लागले.

घरकामगार महिलेची मुलगी, पुणे
टाळेबंदीत एका घराने आईचा पूर्ण पगार दरमहा खात्यात भरला. दुसऱ्या बंगल्याने पगार थांबवला आणि तांदूळ-डाळ-तेलाची पिशवी देताना फोटो काढून घेतला. खोलीभाडे तांदळाने भागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे, असे आई आजही सावरून घेते. मला तसे वाटत नाही.

भारतीय वंशाचे रहिवासी, न्यू जर्सी (अमेरिका)
अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी भारतात परकीय ठरते. परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास बंदी आली. त्यामुळे आम्ही मोठ्या संस्थेला दिलेली रक्कम, इच्छा असूनही, गावातल्या छोट्या संस्थेला मिळू शकली नाही. आमच्यातील भारतीय पारपत्रधारकांनी आपली बचत तेथे थेट पाठवली, तीच आधी कामी आली.

सनदी लेखापाल, नाशिक
तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०जी अन्वये वस्तुरूप दानास करसवलत नाही, हे ऐकून यंत्रांऐवजी धनादेश देणारे अशील मी पाहिले. आर्थिक वर्ष २०१९-२० च्या सवलतीसाठी देणगीची मुदत आधी ३० जून आणि मग ३१ जुलै २०२० पर्यंत वाढली, तेव्हा माझ्या कार्यालयात पावत्यांची झुंबड उडाली. रस्त्याने पायी निघालेले मजूर मात्र एप्रिल-मे महिन्यांतच गावी पोचले होते.